आजीच्या डब्यात मिळालेलं 1780 चं चांदीचं नाणं, एक गिनी आणि एक पुतळी: खरी आहेत का? घासावीत का?

वेदा_चिपळूण

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

मार्चमध्ये आमची आजी गेली. माळ्यावरची तिची ट्रंक आवरताना तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला आणि त्यात नऊवारीच्या चिंधीत बांधलेली तीन नाणी.

पहिलं मोठं, जाड, काळं पडलेलं, चांदीचं वाटतं. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतल्यासारखी भरल्या अंगाची बाई, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांचा गरुड. साल 1780 आणि त्यापुढे एक फुली. दुसरं पिवळं, पातळ, वर कडी डाकलेली. त्यावर दोन माणसं, मधे काठी; मागे अंड्याच्या आकाराच्या चौकटीत कोणीतरी उभं. कडेची अक्षरं काही केल्या लागत नाहीत. आई याला पुतळी म्हणते. तिसरी गिनी: घोड्यावरचा भालेवाला, खाली साल 1918.

पणजोबा एडनच्या बंदरावर कारकून होते, दुसरं महायुद्ध संपल्यावर घरी परतले. यापलीकडे घरात कोणाला काही ठाऊक नाही.

नाणी खरी आहेत हे कसं ओळखायचं? घासून स्वच्छ करावीत का? दादा न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो पुतळी मला दे. आणि शेवटचं म्हणजे, गेले पंधरा दिवस मी रोज रात्री ही नाणी हातात घेऊन बसतेय. देशोदेशींची अशी नाणी जमवावीत असं मनापासून वाटतंय. सुरुवात कुठून करू?

सराफकट्टा_सांगली

चांदीचं नाणं अर्धा तास चिंचेच्या कोळात ठेवा, मग रांगोळीने हलक्या हाताने चोळा, नव्यासारखं होईल. पुतळी ओळखीच्या सराफाकडे कसाला लावून घ्या.

टांकसाळीचा_शेजारी (डोंबिवली)

वेदाताई, हात जोडून सांगतो, चिंच लावू नका. रांगोळी नको, राख नको, दंतमंजन नको. सांगलीकरांनी चांगल्या भावनेने सांगितलंय आणि देवाच्या उपकरणांना ते चालतंही, पण नाण्याला नाही. पुतळी कसाला लावणं म्हणजे तिची कड दगडावर घासणं, तेही नको.

1987 साली मी मुंबईत 1902 चा एक ब्रिटिश ट्रेड डॉलर, म्हणजे इंग्रजांनी पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडलेला चांदीचा डॉलर, घेतला. माझं पहिलं परदेशी नाणं. काळं होतं म्हणून घरी आणून चिंच-रांगोळीने घासलं. ताटासारखं चकाकलं. दोन दिवसांनी भिंगाखाली धरलं, तर त्यावरच्या ब्रिटानियाच्या (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या देवीच्या) चेहऱ्यावर, ढालीवर, सगळीकडे केसासारखे ओरखडे. साच्याच्या दाबाखालून निघालेल्या नाण्यावर एक झळाळी असते; उजेडात फिरवलं की ती चक्रासारखी नाण्यावरून फिरते. काळेपणाखाली ती शाबूत होती. मी ती पुसून टाकली आणि ती परत आणता येत नाही. ते नाणं आजही माझ्या पहिल्या कप्प्यात आहे.

आता तुमच्या नाण्यांकडे येतो. गिनीपासून, म्हणजे इंग्रजांच्या सोन्याच्या सॉव्हरिनपासून, सुरू करू, कारण तिच्यात बघण्यासारखं एक टिंबाएवढं काम आहे.

भिंग घ्या. घोड्याच्या पायाखाली जमिनीची रेघ आहे. तिच्यावर, 1918 या आकड्यांच्या मधोमध वर, छोटंसं इंग्रजी ‘आय’ दिसतं का? दिसलं तर तुमची गिनी मुंबईची. पहिल्या महायुद्धात समुद्र धोक्याचा झाला होता आणि इकडे रुपयांसाठी चांदी पुरत नव्हती. तेव्हा लंडनच्या रॉयल मिंटने मुंबईच्या टांकसाळीत आपली शाखा उघडली. 1918 या एकाच सालाच्या जवळजवळ 13 लाख गिन्या तिथे पडल्या आणि 1919 मध्ये शाखा बंद झाली. ‘आय’ऐवजी एस, एम, पी किंवा सी असेल तर ती अनुक्रमे सिडनी, मेलबर्न, पर्थ किंवा ओटावाची. पण तिथे कोणतंच अक्षर नसेल तर सावध व्हा. लंडनने 1918 साली गिन्या पाडल्याच नाहीत, त्यामुळे त्या सालाची बिनअक्षरी गिनी खरी असू शकत नाही.

चांदीची बाई म्हणजे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा आणि नाणं म्हणजे तिचा थेलर. ती 1780 च्या नोव्हेंबरात वारली. पण तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर, येमेनपासून इथिओपियापर्यंत, व्यापाऱ्यांना तेच नाणं हवं असायचं. कॉफी घ्या, कातडी घ्या, मोबदल्यात हीच बाई पाहिजे. पदरावरच्या ब्रोचमधले मोती मोजून ते नाणं पारखायचे. म्हणून ती गेल्यावरही नाणं तेच राहिलं आणि साल 1780 च राहिलं. व्हिएन्नात पडलं, आणखी कुठे कुठे पडलं. 1935 मध्ये इथिओपियावर डोळा असलेल्या इटलीने व्हिएन्नाकडून साचे मिळवले. मग इंग्रजांनीही 1936 पासून लंडनमध्ये तेच पाडायला घेतलं. आणि 1940-41 मध्ये, ताई, आपल्या मुंबईत! फोर्टात, रिझर्व्ह बँकेच्या जुन्या इमारतीसमोर, जिथून मी 31 वर्षं ऑफिसला चालत गेलो, त्या भिंतीआड मारिया तेरेसा लाखोंनी पडत होती. युद्धासाठी ती तांबड्या समुद्राकडे रवाना होत होती.

तुमचे पणजोबा तेव्हा एडनला, म्हणजे तांबड्या समुद्राच्या तोंडाशीच होते. तुमचं नाणं मुंबईचं असेलच असं मी म्हणत नाही. ते ब्रोचमधल्या मोत्यांवरून आणि गरुडाच्या शेपटीच्या पिसांवरून ताडून बघावं लागतं, तेही चांगल्या फोटोंवर. पण शक्यता मनात आली आणि तुमचा प्रश्न वाचून मला रात्री झोप आली नाही.

खरेपणा घरीच तपासता येतो. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. थेलरचं वजन 28.07 ग्रॅमच्या आसपास हवं, गिनीचं 7.99. थेलर हातोहात फिरलेला असेल तर थोडी झीज धरा. मग वाटीभर पाणी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं शिवणाच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. थेलरची चांदी 833 ची (हजारात 833 भाग शुद्ध), तिचं उत्तर 10.2 च्या जवळ यायला हवं. गिनी 22 कॅरेटची, तिचं 17.6 च्या जवळ. पितळ किंवा शिसं या परीक्षेत टिकत नाही. नंतर मऊ सुती कापडावर ठेवून नुसतं टिपा, पुसू नका. शिवाय थेलरची कड बघा. तिथे उठावदार लॅटिन अक्षरं हवीत: ‘युस्तितिया एत क्लेमेंतिया’, न्याय आणि दया.

पुतळीला मात्र पाण्याचा प्रयोग करू नका, कडी आणि डाक यामुळे हिशेब चुकतो. पुतळी मूळची व्हेनिसची. तिथलं सोन्याचं दुकात 1284 पासून पडत होतं, साधारण साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे डोज, आणि दोघांच्या हातात एक ध्वजाची काठी. मागे ताऱ्यांच्या अंडाकृतीत येशू. अरबी समुद्रातून ती आपल्याकडे इतकी आली की पेशव्यांच्या हिशेबांतही पुतळ्या भेटतात. आपल्या लोकांनी त्या दोघांत राम-सीता पाहिली आणि आपल्या सोनारांनी तशाच घडवून माळा केल्या. सोनाराला लॅटिन येत नव्हतं, म्हणून अक्षरांच्या जागी उभ्या-आडव्या रेघा आल्या. तुमची अक्षरं लागत नाहीत त्याचं कारण बहुधा हेच. म्हणजे व्हेनिसची नसून इथली. मला विचाराल तर तिन्हींत मी हिलाच आधी हातात घेईन. कडी काढू नका. कोणाच्या तरी गळ्यात ती होती, याची ती कडीच खूण आहे.

दादांना मात्र नाही म्हणावं लागेल. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं नाणं ही पुरावस्तू, ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पुतळी त्यात येईल आणि 1918 ची गिनीही आता येते.

मस्कतचा_मालवणी

काकांच्या पोस्टने अंगावर काटा आला. मी मस्कतला 14 वर्षं आहे. इथे मत्राहच्या बाजारात आजही ही बाई चांदीच्या दागिन्यांत दिसते. जुन्या हारांत अख्खे थेलर ओवलेले असतात. इथले म्हातारे तिला ‘फ्रान्सी’ म्हणतात. ओमानच्या आतल्या गावांत 1970 पर्यंत हे नाणं व्यवहारात होतं. माझ्या घरमालकाच्या आईने लग्नातला हार दाखवला होता. त्यातल्या एका थेलरचं नाक अंगावर घासून घासून सपाट झालं होतं.

वेदाताई, किमतीची मोठी आशा धरू नका. थेलर इतके पडलेत की बहुतेकांना चांदीपेक्षा फार भाव मिळत नाही.

वेदा_चिपळूण

काका, तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, आईला मोठ्याने वाचून दाखवलं. विकायचं नाहीच आहे. काटा मागवलाय. पण सुरुवातीचं राहिलं ना? जगात इतके देश, इतकी नाणी. मी पुण्याला जुन्या बाजारात गेले तर काय घेऊ, काय नको?

टांकसाळीचा_शेजारी (डोंबिवली)

एकच धागा धरा. ‘जगातली नाणी’ म्हणून जमवायला गेलात तर दोन वर्षांत डबा भरेल आणि मन भरणार नाही. मी पहिली काही वर्षं तेच केलं. कुठलंही चांदीचं दिसलं की घेतलं. नंतर त्या घासलेल्या डॉलरवरच उत्तर सापडलं. ब्रिटानियाच्या हातातल्या त्रिशूळाच्या मधल्या टोकात एक बारीक ‘बी’ आहे. बी म्हणजे बॉम्बे. हाँगकाँग, सिंगापूर, चीनच्या किनाऱ्यावर चालणारा हा डॉलर 1895 पासून मुंबईत पडला. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलायी मजकूर. कोणाला वाटेल हे मुंबईचं? त्यावर चिनी सराफांनी मारलेले छोटे शिक्के असतात. माझ्या 1902 च्या डॉलरवर असे तीन आहेत, एक अगदी ब्रिटानियाच्या गुडघ्यावर. म्हणजे तो मुंबईतून गेला, कोणा चिनी सराफाने ठोकून पाहिला आणि परत मुंबईतच मला मिळाला.

त्या दिवसापासून मी फक्त मुंबईत पडलेली परदेशी नाणी घेतो. 1903 चा स्ट्रेट्स सेटलमेंट्सचा (सिंगापूर-पेनांगकडच्या इंग्रजी वसाहतींचा) डॉलर, 1918 ची गिनी, मारिया तेरेसा. एकूण 41 नाणी झाली, 37 वर्षांत.

तुमचा धागा तुमच्याच डब्यात आहे. एडन 1932 पर्यंत मुंबई इलाख्यात होतं. त्या बंदरावर काय काय चाललं असेल ते शोधा: आपला रुपया, थेलर, गिनी. त्यांच्यामागे जा. आपला 1918 चा रुपयासुद्धा घ्या, स्वस्त मिळतो, 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर जुना एक तोळा. त्या वर्षी अमेरिकेने कायदा करून स्वतःचे चांदीचे 27 कोटींवर डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी इंग्रजांना हिंदुस्थानच्या रुपयांसाठी विकली. त्या रुपयाला हात लावला की मला अमेरिका आठवते.

बाजारात पहिले सहा महिने काही घेऊ नका, नुसतं बघा आणि हातात घेऊन वजन ओळखायला शिका. ट्रेड डॉलर आणि अमेरिकेच्या चांदीच्या मॉर्गन डॉलरच्या नकलांचा सुळसुळाट आहे. एका विक्रेत्याकडून मी 1999 मध्ये नऊशे रुपयांना एक ट्रेड डॉलर घेतला. घरी वजन केलं तर 22 ग्रॅम भरला, हवे होते 26.96. तेव्हापासून काटा खिशात असतो. ‘घरातून निघालंय, आजोबांचं आहे’ ही गोष्ट ऐकून नाणं घेऊ नका. नाणं बघून घ्या.

आणि ठेवायला मऊ पीव्हीसीच्या पाकिटांचे अल्बम वापरू नका. काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. कडक पारदर्शक डबी किंवा पुठ्ठ्याची मायलर-चौकट (मधे पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेली) घ्या. सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा, कोकणातल्या पावसाळ्यात तर हवीच. नाणं नेहमी कडेने धरा.

वेदा_चिपळूण

काटा आला! काल रात्री जेवणं उरकल्यावर स्वयंपाकघरात ओट्यावरच केलं सगळं. आई दोरा धरून उभी होती, तिचा हात थरथरत होता म्हणून दोनदा करावं लागलं.

थेलर: 28.02. पाण्यात 2.75. भागाकार 10.19!!
गिनी: 7.97. पाण्यात 0.45. साधारण 17.7. आणि काका, ‘आय’ आहे. आधी वाटलं धूळ आहे. मोबाईलच्या उजेडात तिरकं धरल्यावर दिसलं.

कडेवर अक्षरं आहेत, ‘क्लेमेंतिया’ स्पष्ट वाचता आलं. ब्रोचचे आणि शेपटीचे फोटो खाली टाकलेत.

दादाला कायद्याचं सांगितलं. तो म्हणाला, मग मी गणपतीला येतो तेव्हा बघेन. पुतळी आईने काळ्या दोऱ्यात ओवून देवघरात ठेवली आहे. दोरा चालेल ना?

टांकसाळीचा_शेजारी (डोंबिवली)

दोरा चालेल, सुती असू द्या. कुंकू-हळद लागणार नाही एवढं बघा.

फोटो पाहिले. ब्रोच छान आलाय, पण शेपटीवर वरून उजेड पडल्यामुळे पिसं एकमेकांत मिसळली आहेत. सकाळी खिडकीशी, नाणं सपाट ठेवून उजेड एका बाजूने येऊ द्या आणि पुन्हा एक काढा. मी माझी मुंबईची मारिया तेरेसा शेजारी ठेवून एकेक पीस ताडून बघतो.