कापसाची शेतीशाळा : समाजमंदिरातले प्रशिक्षण शेतात कसे न्यावे?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)
आमच्या गटातील २५ कापूस उत्पादकांना येत्या खरिपात कीड व्यवस्थापनाचे प्रशिक्षण द्यावयाचे आहे. गेल्या वर्षी एक दिवसाचे व्याख्यान ठेवले होते. सर्वांनी माना डोलावल्या, परंतु बोंडअळीची चाहूल लागताच प्रत्येकाने औषध दुकानदाराला विचारूनच फवारणी केली. शेतीशाळेने, म्हणजे शेतातच जमून निरीक्षणातून शिकण्याच्या पद्धतीने, हे बदलेल काय?

उत्तर १
बदलू शकते, मात्र ती हंगामभर चालली पाहिजे. ही पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भातशेतीत रुजली. तेथे तपकिरी तुडतुड्यांवर फवारणी वाढत गेली, तसे त्यांना खाणारे कोळी व मित्रकीटक मरत गेले आणि तुडतुडे उलट वाढले. हे सांगून पटत नाही, मोजून पटते. म्हणून एकाच शेतात शेजारी-शेजारी दोन तुकडे ठेवावेत, एकात नेहमीची फवारणी करावी, दुसऱ्यात निरीक्षणावरून निर्णय घ्यावा, आणि दर आठवड्याला तेथेच जमून पाच-पाच जणांनी झाडे तपासावीत, मोठ्या कागदावर किडी व मित्रकीटकांची संख्या मांडावी आणि फवारायचे की नाही हे इतरांना पटवून द्यावे. वाद होतो, तो होऊ द्यावा. प्रशिक्षकाने मध्येच उत्तर सांगितले की पुन्हा व्याख्यान सुरू झालेच.

उत्तर २
गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा सापळा) सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग, किंवा २० हिरव्या बोंडांपैकी दोन किडकी, ही आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीचा निर्णय घेण्याची वेळ, मानतात. बोंडे फोडूनच पाहावीत, कारण अळी आत शिरल्यावर छिद्र बुजते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. फुलोऱ्यात डोमकळ्या (आत अळी असल्याने नीट न उमललेली, गुलाबकळीसारखी दिसणारी फुले) ओळखून त्या अळीसह नष्ट करणे हा पहिल्या दोन-तीन बैठकांचा विषय असावा.

उत्तर ३
सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनाच बोलावू नका. निंदणीला रोज शेतात असणाऱ्या स्त्रियांच्या नजरेला डोमकळी आधी पडते, आणि पंप पाठीवर घेणारा बहुधा मजूर असतो. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा आठवा. त्या मजुराला वाऱ्याची दिशा, हातमोजे आणि दोन औषधे मनाने एकत्र न करणे शिकवले नाही, तर शाळा अर्धीच राहील.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. प्रयोगाच्या तुकड्यात नुकसान झाले तर ते कोणी सोसावे?

उत्तर १
गटाने. तुकडा दहा गुंठ्यांचाच ठेवावा आणि भरपाईची वर्गणी पेरणीपूर्वीच गोळा करावी. अन्यथा पहिली अळी दिसताच शेतमालक रात्री गुपचूप फवारतो.