केमो चालू असताना भिजवलेला कच्चा राजमा द्यायचा का?

यावलचा_भाऊ:
राम राम मंडळी. आमच्या मोठ्या आईला कॅन्सर निघालाय, जळगावला केमो चालू आहे. नातेवाईकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की राजम्यातलं लेक्टिन पांढऱ्या पेशींना जागं करून गाठ मारतं, म्हणून रात्री भिजवून सकाळी कच्चाच चावायचा. आप्पा म्हणतात उद्यापासून चालू करू. खरं आहे का, लवकर सांगा.

लॅबवाली_धुळे:
भाऊ आधी आप्पांना थांबवा. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब लागू शकतात, केमोतल्या माणसाला ते झेपणार नाही.

मेसेजमधलं अर्धं खरं आहे म्हणून तर लोक फसतात. लेक्टिन म्हणजे साखरेला चिकटणारं प्रोटीन. पेशींवर साखरेच्या साखळ्या असतात, बऱ्याच कॅन्सर पेशींवर त्यांना जास्तीच्या फांद्या फुटतात. १९६० साली पीटर नॉवेलना दिसलं की राजम्याच्या लेक्टिनने रक्तातले लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) विभागायला लागतात, आजही क्रोमोसोमच्या तपासणीला आम्ही रक्तात तेच टाकून ३७ डिग्रीला साधारण तीन दिवस ठेवतो. पुढे कळलं की लेक्टिन एकीकडून टी-पेशीला (खराब पेशी मारणारे लिम्फोसाइट), दुसरीकडून गाठीच्या पेशीला धरतं, दोन्ही चिकटल्या की टी-पेशी परफोरिन नावाच्या प्रोटीनने समोरच्या पेशीला भोकं पाडते, आत ग्रॅन्झाइम नावाची मारक प्रोटीनं सोडते आणि ती पेशी मरते. पण हे सगळं काचेच्या भांड्यात. नुसतं लेक्टिन चांगल्या पेशींनाही धरतं, तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतं.

फैजपूरचा_केळीवाला:
ताई केळीत पण असतं ना लेक्टिन? आमच्या पट्ट्यात तर घरोघर केळी.

लॅबवाली_धुळे:
असतं दादा, बॅनलेक म्हणतात, मॅनोज साखरेला चिकटतं. २०१५ मध्ये अमेरिकेत त्यातलं एकच अमिनो आम्ल (प्रोटीनच्या साखळीतली एक कडी) बदललं, मग ते व्हायरसला धरायचं पण टी-पेशींना उगाच भडकवणं खूप कमी झालं. आता कॅलिफोर्नियात राजम्याचं लेक्टिन टी-पेशी पकडणाऱ्या अँटिबॉडीच्या (ठराविक गोष्टीलाच चिकटणारं प्रोटीन) तुकड्याला जोडून औषध बनवलंय, उंदरांच्या गाठींवर चाललंय. मला त्याची खूप आशा वाटते, पण ते औषध आहे, खाऊन तसलं काही होत नाही.

यावलचा_भाऊ:
आप्पांना वाचून दाखवलं, ऐकलं त्यांनी. शिजवलेली उसळ चालेल का तेवढं सांगा.

लॅबवाली_धुळे:
रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात कुकरला दाणा बोटाने दाबला की पार मऊ लागेल इतका शिजवा. मंद आचेवर अर्धाकच्चा अजिबात नको. आणि त्यांना पचेल का ते केमोच्या डॉक्टरांना विचारूनच द्या.