दोन एटीए, मध्ये सर्व्हर नाही: आईचा डायलचा फोन वरच्या मजल्यावर वाजेल का?

रामबागकर

घर इंदूरला, रामबागेत. जुनं, दोन मजली, भिंती इतक्या जाड की खालची हाक वर पोचत नाही. आई खाली असते, वय ८४. मोबाईल तिला नको. दिला की उशीखाली ठेवते आणि बॅटरी उतरली की "तुझं यंत्र मेलं" म्हणून परत करते. पलंगाशेजारी मात्र काळा, डायल फिरवायचा फोन आहे. लाइन कटून वर्षं झाली, तरी रोज फडक्यानं पुसते.

बेल बसवून पाहिली. पण बेल वाजली म्हणून बावीस पायऱ्या उतरून जावं, तर विचारणार काय, "पोहे झाकून ठेवू का?"

म्हणून ठरवलं की साधा फोन इंटरनेटला जोडायचे ते डबे, एटीए, दोन घ्यायचे. एक खाली, एक वर, दोन्ही घरच्याच राउटरला. दुकानदार म्हणतो, "भिया, बिना सर्व्हर के नहीं चलेगा, महिन्याचा प्लॅन घ्या." घरातल्या घरात बोलायला महिन्याचे पैसे?

तांब्याची तार

चालतं, काका. सिपमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून फोन जोडायच्या पद्धतीत, सर्व्हरचं मुख्य काम म्हणजे कोण कुठे आहे ते सांगणं. पत्ता तुम्हालाच पाठ असेल तर विचारायचं कुणाला? दोन डबे एकमेकांना थेट फोन लावू शकतात.

माझ्याकडे ग्रँडस्ट्रीम कंपनीचे एचटी८०१ डबे आहेत, त्यावरून सांगतो. आधी राउटरमध्ये दोघांचे पत्ते पक्के करा, समजा खालचा १९२.१६८.१.५१ आणि वरचा १९२.१६८.१.५२. नाहीतर एक दिवस लाइट जाऊन येईल, पत्ते बदलतील आणि तुम्ही डब्याला शिव्या द्याल. पत्ता ऐकायचा असेल तर टोनचा, म्हणजे बटणांचा फोन लावून तीनदा स्टार दाबा, मग ०२.

नुसती चाचणी करायची तर स्टार ४७ आणि पुढे समोरचा पत्ता, टिंबाच्या जागी स्टार. पण डायलच्या फोनला स्टार कुठून आणणार? म्हणून गंमत अशी करायची की प्रायमरी सिप सर्व्हरच्या रकान्यात समोरच्या डब्याचाच पत्ता लिहायचा. खालच्यात वरचा, वरच्यात खालचा. सिप रजिस्ट्रेशन 'नो', रजिस्ट्रेशनशिवाय कॉल लावायची परवानगी 'येस', रँडम पोर्ट 'नो', म्हणजे दोघेही सिपच्या ठरलेल्या ५०६० पोर्टवरच राहतील. यूजर आयडी खाली १०१, वर १०२. मग ऑफहुक ऑटो-डायलमध्ये समोरचा आकडा घाला. रिसीव्हर उचलला की पलीकडे घंटी.

एक सांभाळा: भिंतीतली जुनी टेलिफोनची तार डब्याच्या फोन पोर्टला लावू नका. तिच्यात कुठे एक्स्चेंजचा करंट जिवंत असला तर डबा जळेल.

पोर्ट५०६०

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर अ‍ॅस्टेरिस्क हे फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर टाका, उद्या दहा फोन जोडता येतील.

तांब्याची तार

दहा फोन कुणाला हवेत, भाऊ? पायचं कार्ड बिघडलं की दोन्ही फोन मुके.

रामबागकर

झालं! शनिवारी सकाळी बसलो आणि चहा निवायच्या आत वर घंटी. आवाज जुन्या लाइनपेक्षा स्वच्छ. कोडेक, म्हणजे आवाज डिजिटल करायची पद्धत, जी.७११ ठेवलाय. घरच्या नेटवर्कमध्ये एका बाजूला शंभर केबीपीएससुद्धा लागत नाहीत, मग कंजुषी कशाला.

दोन अडचणी आल्या. खाली घंटी वाजली तर आई उचलेना. म्हणे, "ही आपल्या घरची घंटी नाही." खरंच होतं तिचं. डब्यात अमेरिकन पद्धत होती, दोन सेकंद वाजणार, चार सेकंद गप्प. आपली ट्रिंग-ट्रिंग वेगळी. रिंग केडन्समध्ये, म्हणजे घंटीच्या तालात, ४००/२००-४००/२००० (वाजणं/गप्प, मिलिसेकंदांत) घातलं, तेव्हा पहिल्या ट्रिंगला उचलला.

दुसरं म्हणजे न फिरवता फोन लागतो हे तिला पटेना. शेवटी डायल फिरवलेले आकडे डब्याला कळावेत म्हणून पल्स डायलिंग चालू केलं आणि ऑटो-डायलला पाच सेकंदांची सवड दिली.

आता ताई म्हणते, राजेंद्र नगरला तिच्या घरीही एक बसव. तिथे तिचा स्वतःचा ब्रॉडबँड आहे. तिचा पत्ता टाकला की झालं ना?

तांब्याची तार

इथेच गाडी अडते. दोन्ही राउटरमध्ये बाहेरचा, वॅनचा पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तो तुमचा एकट्याचा नव्हे, कंपनीनं अनेक घरांत वाटलेला. बाहेरून कॉल आत येणारच नाही, आणि राउटरमध्ये पोर्ट उघडूनही उपयोग नाही.

एका घरी तरी स्वतंत्र पत्ता मिळाला तर राउटर-राउटरमध्ये वायरगार्डचा, म्हणजे व्हीपीएनचा, बोगदा टाका. मग दोन घरं एकाच वाड्यातली असल्यासारखी. ५०६० मात्र जगाला उघडू नका. इंटरनेटवर दिवसरात्र ते पोर्ट ठोठावणारे बसलेत. रात्री दोनला फोन वाजेल, उचलला तर पलीकडे कुणी नाही. आई घाबरतील.

रामबागकर

बघितलं. दोन्हीकडे १०० नंच सुरू होतो. ताईला सध्या मोबाईलवरच ठेवतो.

एक राहिलं. आई ग्वाल्हेरच्या मावशीचा जुना सहा आकडी नंबर फिरवते. सर्व्हरच्या जागी माझाच डबा, तेव्हा कुठलाही नंबर फिरवला तरी वर माझ्याकडेच वाजतं. मावशी जाऊन सहा वर्षं झाली. काल उचलला तर आई म्हणाली, "तू कधी आलास ग्वाल्हेरला?"

हे बंद करायची सोय आहे का, असं विचारणार होतो. राहू दे.