आधी क्लॉकचा रेझिस्टर शोधा
बोलत्या खेळण्याचा आवाज बदलायला बॅटरीचा व्होल्टेज उतरवून तो घोगरा करायचा, हा सुचवला जाणारा उपाय चालतो. पण त्यात आवाजाचा जोरही जातो आणि चिप मधेच दम सोडते. त्यापेक्षा क्लॉकचा, म्हणजे चिपचा वेग ठरवणारा, रेझिस्टर बदला. बुधवारच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त बोलत्या खेळण्यांत चिप झाकणाऱ्या काळ्या इपॉक्सीच्या थेंबाशेजारी तो बहुधा असतो, अनेकदा १०० ते ३०० किलोओहमचा. खेळणं बोलत असताना ओल्या बोटाने त्याची दोन्ही टोकं एकदम दाबा, सूर चढला की तोच! (सेलवरच, अ‍ॅडॅप्टर लावून कधीच नाही.) तो काढून तिथे ४७ किलोओहमचा रेझिस्टर आणि १ मेगाओहमचा पॉट (फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडा. ४७ चा गाळू नका, नाहीतर पॉट शून्याकडे गेला की क्लॉक फार वेगात जाऊन चिप अडकते. तरी अडकलीच, तर सेलच्या लाल तारेत दाबल्यावर सर्किट तोडणारा पुश स्विच हवा.

फक्त १९७८ च्या ‘स्पीक अँड स्पेल’ या बोलत्या खेळण्यासारखे मोडकेतोडके शब्द यातून मिळणार नाहीत. त्यात उच्चारांचा डेटा वेगळ्या रॉम (डेटा कायम साठवणाऱ्या) चिपमध्ये असतो, म्हणून पिना एकमेकींना जोडून तो बिघडवता येतो. इथे सगळं त्या एका थेंबात बंद.