मदत हवी आहे: मालवण बंदराचं जुनं चित्र रंगवायचंय

नमस्कार मंडळी. मालवणातल्या आता न उरलेल्या जागा जलरंगात काढतोय. घरं जमतात. जांभा दगड खाणीतून ताजा काढला की तांबूस नि मऊ, वारा लागला की टणक, आणि पावसाळे खाऊन काळपट. त्यामुळे चिरेबंदी भिंतीला नुसता बर्न्ट सिएना (तांबूस-तपकिरी जलरंग) फासून भागत नाही, कौलांचा लाल वेगळा ठेवावा लागतो. (हॉटेलांवरचे निळे पत्रे मात्र मी काढणार नाही, एवढा पक्षपात चालायचाच!)

अडलंय ते बंदरावर. मुंबईची आगबोट खडकांमुळे बाहेर समुद्रात थांबायची आणि माणसं होडीतून किनाऱ्याला यायची. त्या होड्या वल्ह्याच्या की शिडाच्या? बोटीच्या धुराड्याचा रंग कुठला? तिकिटं कुठे मिळायची? १९६२ चं रत्नागिरी जिल्हा गॅझेटिअर चाळलं (सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला, म्हणून मालवण त्यात), पण चित्राला वर्णन पुरत नाही.

कुणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये मागे बंदर दिसत असेल तर कृपया मोबाईलवर फोटो काढून टाका. मूळ प्रत पाठवू नका. फोटो कृष्णधवलच असणार, तेव्हा घरातल्या आजी-आजोबांना रंग तेवढे विचारा.