आजारपण काढलं, जोडीदार गेला. आता सोलापूर सोडून मुलांकडे जायचं का?

सिद्धेश्वर पेठ (धागा सुरू करणारी)

माझं मत आधीच सांगते. ज्यानं नवऱ्याचं किंवा बायकोचं लांबलेलं आजारपण काढलंय, त्याला जोडीदार गेल्यावर निदान वर्ष-दोन वर्षं तरी त्याच्या घरातून आणि गावातून हलवू नये. घर विकायचा विषय तर काढूच नये.

हे रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत पॅरालिसिसचा झटका आला. त्यानंतर कितीतरी वर्षं माझा दिवस त्यांच्या अंथरुणाभोवतीच गेला. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नाकातल्या नळीतून पातळ पेज द्यायची आणि नंतर अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, नाहीतर छातीत उतरतं. लघवीची पिशवी, डायपर, फिजिओथेरपी. मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही, मला ते करायचं होतं आणि मी केलं.

आता वर्षश्राद्ध झालंय. मुलगा-सून पुण्यात, मुलगी बंगळुरात. दोघांचं एकच म्हणणं, "आई, आता तिथं तुझं काय राहिलंय?"

सगळंच इथं राहिलंय. सकाळी तळ्याच्या कडेनं देवळापर्यंत चालत जाते. देऊळ इतकं जवळ, पण आजारपणात पाय तिकडं वळलेच नव्हते. मधल्या मारुतीजवळचा किराणावाला यादी न देता सामान काढतो. यंदा गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, नंदीध्वजांच्या उंच काठ्या बघायला दारात उभी राहिले, तेव्हा पाठीमागून हाक येईल म्हणून कान लावून बसावं लागलं नाही. हे लिहिताना वाईट वाटतं, पण खरं आहे.

आणि पुण्याला गेल्यावर काय होणार तेही मला दिसतंय. सून नोकरीला जाते, नातू पहिलीत आहे. कुणी 'करा' म्हणणार नाही, तरी सकाळी सातला डबा भरायला मीच उभी असणार. आजाऱ्याची ड्युटी संपली की नातवंडांची सुरू. ज्या बाईनं इतकी वर्षं एक रात्र सलग झोप घेतली नाही, तिला मधे थोडी उसंत मिळायला नको का?

हिंजवडीहून

काकू, तुमचा मान राखून विरोध करतो. माझी आईही असंच म्हणाली होती. बाबांचं डायलिसिस तिनं एकटीनं सांभाळलं, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार-चार तास. बाबा गेल्यावर ती विजापूर रोडच्या घरातच राहिली आणि आम्ही तिच्या मनासारखं होऊ दिलं. एका रात्री ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. सकाळी दूधवाल्यानं दार वाजवलं तेव्हा कळलं. मी इथून निघून तिथं पोचेपर्यंत शेजाऱ्यांनीच तिला ॲडमिट केलं होतं.

सोलापूर माझंही गाव आहे, पण म्हाताऱ्या एकट्या माणसासाठी ते सोपं नाही. उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि कधी कधी रात्री. मोटर लावायची, टाकी बघायची, पिंपं भरायची. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर. तुम्ही मोकळं राहायचं म्हणता, पण मुलाला रोज रात्री फोन उचलला जाईपर्यंत धडधड होते, तिचाही विचार करा.

निवृत्त परिचारिका, सात रस्ता

दोघांनाही थोडं सांगते. जोडीदार गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्याच्याही मृत्यूचा धोका वाढलेला असतो. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत हे दिसून आलंय. त्यात आजारपण काढणाऱ्यानं स्वतःचं बीपी, शुगर, डोळे सगळं पुढं ढकललेलं असतं. मी वॉर्डात पाहिलंय, पेशंटची फाईल तोंडपाठ असणाऱ्या बायकोला स्वतःची गोळी कोणती ते सांगता येत नाही.

म्हणून कुठं राहायचं हे ठरवायच्या आधी ताई, तुम्ही संपूर्ण तपासणी करून घ्या. हाडांचीसुद्धा. इतकी वर्षं मोठ्या माणसाला उचललंय तुम्ही. आणि नंदीध्वज बघताना मोकळं वाटलं त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्यांनी जीव लावून केलं, त्यांच्याच तोंडून मी हे ऐकत आलेय.

जुळे सोलापूर

मी पुरुष आहे, म्हणून माझा अनुभव वेगळा असेल. बायकोच्या कॅन्सरमध्ये सगळं मीच केलं, अगदी तिची वेणी घालण्यापर्यंत. ती गेल्यावर मुलीनं खूप बोलावलं, मी गेलो नाही. आज ताईंना सांगेन, जा.

आजारपणात घर भरलेलं असतं हे आपल्या लक्षात येत नाही. नर्स, फिजिओवाला, मेडिकलचा पोरगा, भेटायला येणारे, फळं आणणारे. माणूस गेलं की तेराव्यानंतर हे सगळे एकदमच थांबतात. म्हणजे बायको जाते आणि तिच्यामुळे येणारी माणसंही जातात. डब्याची सोय आहे, पेन्शन आहे, तरी संध्याकाळी सहानंतर घर खायला उठतं. मुलीकडे निदान कुणीतरी 'चहा घेतला का' विचारेल.

सिद्धेश्वर पेठ

@जुळे सोलापूर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण भाऊ, मुलगी-जावई नोकरीवरून रात्री आठला येणार. दिवसभर चौदाव्या मजल्यावर चहा कोण विचारणार? इथं समोरच्या वहिनी खिडकीतूनच विचारतात.

एक सून

समोरच्या वहिनी चहा विचारतात, पण संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावतात का? माझ्या सासूबाईंना बोलावणं बंद झालं. त्यांनी सासऱ्यांचं सगळं केलं आणि ते गेल्यावर गल्लीनं त्यांनाच बाजूला बसवलं. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत कुणी विचारलंसुद्धा नाही. गाव आपलं असलं तरी ते आपल्याला त्याच्या रीतीनंच वागवतं.

आणि सगळ्या सुना सासूला कामाला नेत नाहीत. मी सासूबाई यायच्या आधीच स्वयंपाकाला बाई लावली होती.

सिद्धेश्वर पेठ

हळदीकुंकवाचं बोललात ते लागलं, कारण खरं आहे. पण म्हणून गाव सोडायचं की गावाला बदलायला लावायचं? आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी माझ्यानंतर पत्नीवर विधवेच्या प्रथा लादू नका असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेनं या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांसाठीही परिपत्रक काढलं. आम्ही सगळ्या निघून गेलो तर इथं हळदीकुंकू घालणार कोण? पुढच्या संक्रांतीला मी घालणार आहे, आणि गल्लीतल्या सगळ्यांना बोलावणार आहे.

पूर्व भागातली

तुमची चर्चा वाचतेय. आमच्याकडं हा प्रश्न पडतच नाही. बाबा यंत्रमागावर होते, दमा होऊन गेले, आईनं विड्या वळत वळत त्यांचं केलं. त्यांच्या मागं पीएफची विधवा पेन्शन, तीही किमान १,००० रुपये. तेवढ्यात पुणंही नाही आणि एकटं राहणंही नाही. दोन खोल्यांत आम्ही सहाजण. आईला उसंत हवी असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं, तिनंही कधी म्हटलं नाही. काकूंचं वाचून तिला पहिल्यांदा विचारलं. म्हणाली, चार दिवस पंढरपूरला एकटीनं जाऊन यायचंय. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, मी तिला पाठवणार.

वकील, कोर्टाजवळ

भावनेचं तुम्ही बोललात, मी कागदाचं बोलतो. घर ताईंच्या यजमानांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं पत्नी आणि मुलं यांना सारखा हिस्सा मिळतो (सासूबाई हयात असतील तर त्यांनाही). म्हणजे ताईंच्या सहीशिवाय पूर्ण घर विकता येणार नाही, पण पूर्ण घर ताईंचंही नाही. मुलांची खरंच इच्छा असेल तर त्यांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र (आपला हिस्सा तिला सोडल्याचा कागद) करावं आणि त्याची नोंदणी करावी.

उलट आईनंच मुलाला बक्षीसपत्र करून द्यायचं ठरलं, तर मुलानं तिला सांभाळायची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. अट असेल आणि मुलानं ती पाळली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घेता येतं. लिहून घेतलेलं नसेल तर भांडत बसावं लागतं. आणि ज्यांच्याजवळ बोलायलाही कुणी नाही त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे.

हिंजवडीहून

कागद बरोबर आहे. पण पडलेल्या माणसाला हक्कसोडपत्र उचलत नाही. काकू, एक विचारतो. रात्री काही झालं तर दार उघडायला दुसरी किल्ली कुणाकडे आहे?

सिद्धेश्वर पेठ

कुणाकडेच नाही. उद्या समोरच्या वहिनींकडे देते. पाण्याच्या दिवशी मोटर लावायला खालचा मुलगा येईल, त्याला महिन्याचे पैसे ठरवते. तपासणीची वेळ घेतलीय. नातवाच्या सुट्टीत मी पुण्याला जाईन, मनापासून जाईन, पण परतीचं तिकीट काढूनच. घर विकायचं नाही, हे मुलाला आज फोनवर सांगितलं. तो गप्प बसला. रागावला असेल.

हिंजवडीहून

रागावला नसेल, घाबरला असेल. मला अजूनही तुमचं पटलेलं नाही. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या, आणि रात्री झोपताना त्याला एक मेसेज टाकत जा.