सल्ला हवा: शेअर्ड लायब्ररीतील मोजकीच सिंबल्स (फंक्शने व चले यांची नावे) बाहेर दिसावीत यासाठी काय करावे? (लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅक, एआयएक्स)

रानवाट (धागाकर्ता)

नमस्कार. जुन्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी सी भाषेतील एक लायब्ररी मी एकटाच सांभाळतो. ती लिनक्स, फ्रीबीएसडी आणि मॅकवर चालते आणि एका ग्राहकासाठी एआयएक्सवरही (आयबीएमचे युनिक्स) बिल्ड करावी लागते.

लायब्ररीच्या आत 'बफर_ॲपेंड' नावाचे एक फंक्शन आहे. ते कोणत्याही सार्वजनिक हेडरमध्ये नाही, पण अनेक फाइलींतून वापरले जात असल्यामुळे त्याला स्टॅटिक (एकाच फाइलपुरते) करता येत नाही. या ग्राहकाच्या स्वतःच्या प्रोग्राममध्येही त्याच नावाचे, पण वेगळी आर्ग्युमेंट्स घेणारे फंक्शन निघाले. परिणाम असा की, लिनक्सवर लायब्ररी आपले म्हणून जे फंक्शन बोलावते, ते प्रत्यक्षात ग्राहकाचे असते आणि प्रोग्राम कोसळतो. मॅकवर तोच प्रोग्राम विनातक्रार चालतो. एनएम (सिंबल्सची यादी दाखवणारी आज्ञा) चालवून पाहिले, तेव्हा सार्वजनिक फंक्शने वीस-पंचवीसच असताना बाहेर शेकडो नावे दिसत होती.

माझ्या अटी अशा आहेत. हाताने लिहिलेली मेकफाइल सोडून दुसऱ्या बिल्ड पद्धतीकडे जायचे नाही. सार्वजनिक हेडर ग्राहकाने मंजूर करून गोठवले आहे, त्यामुळे त्यात एक ओळही घालता येत नाही. एआयएक्सवरचा कंपायलर आयबीएमचा जुना एक्सएल सी आहे आणि तो बदलणे माझ्या हातात नाही. काम आठवडाभरात उरकायचे आहे. आपण प्रत्यक्ष वापरलेले उपाय कृपया सांगावेत.

पायरी

सीमेकवर (मेकफाइल स्वतः तयार करणारे बिल्ड साधन) जा. सी व्हिजिबिलिटी प्रीसेट हिडन ठेवायचा आणि जनरेट एक्सपोर्ट हेडर हे मोड्यूल वापरायचे, म्हणजे एक्सपोर्टचे मॅक्रो आपोआप तयार होतात. आमच्या चमूने अशीच हाताने लिहिलेली जुनी मेकफाइल काढून टाकली आणि त्यानंतर या विषयावर आमच्याकडे चर्चा करावी लागलेली नाही.

जुनाखांब

तुम्हाला दिसतो तो बिघाड नाही, ईएलएफचा (लिनक्स व फ्रीबीएसडीवरील प्रोग्राम-फाइलींचा साचा) नियमच तसा आहे. डायनॅमिक लिंकर (प्रोग्राम सुरू होताना लायब्रऱ्या जोडणारा) कोणतेही नाव शोधताना आधी मुख्य प्रोग्राम पाहतो आणि मग लायब्रऱ्या त्यांच्या क्रमाने पाहतो. पहिले सापडेल ते सगळ्यांना लागू होते, अगदी ज्या लायब्ररीत ते नाव मुळात आहे तिलासुद्धा. ग्राहकाचा प्रोग्राम लिंक होताना लिंकरला तेच नाव तुमच्या लायब्ररीतही दिसते, म्हणून तो ते प्रोग्रामच्या डायनॅमिक तक्त्यात टाकतो आणि तेथून पुढचा घोटाळा सुरू होतो. मॅकवर १०.१ या आवृत्तीपासून दोन पातळ्यांची नेमस्पेस आहे. तेथे प्रत्येक बाहेरच्या नावासोबत ते कोणत्या लायब्ररीतून घ्यायचे याचीही नोंद असते, आणि लायब्ररीच्या आतल्या आत होणारे कॉल तर लिंक करतानाच पक्के होतात.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे. जीसीसी ४.० मध्ये, म्हणजे २००५ साली, 'एफ-व्हिजिबिलिटी' हा (सिंबल्स बाहेर दिसावीत की नाही हे ठरवणारा) पर्याय आला. तो हिडन ठेवावा आणि फक्त सार्वजनिक फंक्शनांवर डीफॉल्ट व्हिजिबिलिटीचे ॲट्रिब्यूट लावावे. याचा दुसरा लाभ गतीचा आहे: नाव बाहेरून बदलले जाणार नाही हे कंपायलरला आधीच कळल्यामुळे तो फंक्शन इनलाइन करू शकतो (कॉलच्या जागी त्याचा कोडच बसवू शकतो) आणि आतल्या ग्लोबल चलांसाठी तक्त्यातून फेरी मारत नाही. मी तेव्हापासून माझ्या सर्व लायब्रऱ्या अशाच बिल्ड करतो.

कोकणकडा

जुनाखांब यांच्याशी सहमत आहे. व्हिजिबिलिटी हिडन हाच योग्य मार्ग आहे.

दुपारचीवेळ

लिबटूल (शेअर्ड लायब्ररी बिल्ड करून देणारी स्क्रिप्ट) वापरा. 'एक्सपोर्ट-सिंबल्स' या पर्यायाला साधी मजकुराची फाइल द्यायची, एका ओळीवर एक नाव. लिनक्सवर व्हर्जन स्क्रिप्ट (कोणती नावे बाहेर जावीत हे लिंकरला सांगणारी फाइल), मॅकवर अंडरस्कोर लावलेली यादी, एआयएक्सवर एक्सपोर्ट फाइल, हे सगळे रूपांतर तो स्वतः करतो. लोक लिबटूलला नावे ठेवतात, परंतु इतक्या प्रकारच्या युनिक्सवर एकाच यादीतून काम करून देणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

पायरी

लिबटूलची शेल स्क्रिप्ट हजारो ओळींची आहे. ती आत काय करते हे बिघाड झाल्यावरच पाहावे लागते, आणि त्या वेळी ते पाहवत नाही.

दुपारचीवेळ

सीमेकची तयार झालेली मेकफाइल तुम्ही कधी उघडून वाचली आहे का? धागाकर्त्याने दोन्ही नको असे लिहिले असल्यामुळे मी हा वाद येथेच थांबवतो.

मृगनक्षत्र

आम्हाला याच विषयाचा मोठा त्रास झाला होता, तो सांगणे उपयोगी पडेल. छायाचित्रे हाताळणाऱ्या आमच्या प्रोग्राममध्ये एका पुरवठादाराची बंदिस्त शेअर्ड लायब्ररी होती. तिच्या पोटात लिबजेपेगची (जेपेग चित्रे वाचणारी लायब्ररी) जुनी प्रत स्टॅटिक स्वरूपात जोडलेली होती आणि तिची सगळी नावे बाहेर उघडी होती. आमच्या कोडला हवी होती नवी लिबजेपेग, पण लायब्ररींच्या क्रमामुळे हाताला लागत होती ती जुनी. पडद्यावर संदेश येई की लायब्ररीची आवृत्ती ६२ आहे आणि मागणारा ८० ची अपेक्षा करतो. सुदैवाने लिबजेपेग अशी तपासणी करते, म्हणून निदान कारण कळले. ज्या लायब्रऱ्या तपासत नाहीत, त्या गुपचूप चुकीची मेमरी वाचतात. पुरवठादाराला आम्ही वारंवार लिहिले, तरी त्याने पुढच्या आवृत्तीतही ती नावे झाकली नाहीत.

तात्पर्य असे की, रानवाट, तुम्ही आत दुसऱ्या कोणाचे स्टॅटिक आर्काइव्ह (लिंक करतानाच आत मिसळले जाणारे ऑब्जेक्ट फाइलींचे गाठोडे) जोडत असाल, तर केवळ स्वतःच्या कोडला हिडन लावून भागणार नाही. ते आर्काइव्ह वेगळे कंपाइल झालेले असते आणि त्यातली नावे पूर्वीइतकीच उघडी राहतात. जीएनयू लिंकरला 'एक्सक्लूड-लिब्ज' हा पर्याय द्यावा लागतो, किंवा व्हर्जन स्क्रिप्टमध्ये उरलेले सर्व काही लोकल करावे लागते.

शुभ्रकमळ

हिडन लावण्यापूर्वी एक्सेप्शनचा (चूक कळवण्यासाठी कोडने फेकलेला अपवाद) विचार अवश्य करा. आमच्या सी++ लायब्ररीतून फेकलेला एक्सेप्शन मॅकवर बाहेरच्या कोडला पकडता येत नव्हता, कारण त्या वर्गाची टाइपइन्फो (प्रकाराची ओळख सांगणारी नोंद) झाकली गेली होती आणि दोन्हीकडे तिच्या स्वतंत्र प्रती तयार झाल्या होत्या. एक्सेप्शनचे वर्ग नेहमी डीफॉल्ट ठेवावेत.

रानवाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मृगनक्षत्र यांचा मुद्दा मला थेट लागू होतो, कारण माझ्याही लायब्ररीत हॅश टेबलाचे एक परके आर्काइव्ह आत जोडलेले आहे. शुभ्रकमळ, माझा कोड निव्वळ सी भाषेतला आहे, त्यामुळे एक्सेप्शनचा प्रश्न येत नाही. हेडर गोठवलेले आहे आणि एक्सएल सी जुना आहे, या दोन अटी कृपया पुन्हा लक्षात घ्याव्यात.

जुनाखांब

हेडरला हात न लावताही व्हिजिबिलिटी साधता येते. तुमच्या सी फाइलींत ते हेडर इन्क्लूड करण्यापूर्वी जीसीसीचा व्हिजिबिलिटी पुश हा प्रॅग्मा (कोडमधून कंपायलरला दिलेली सूचना) डीफॉल्टसह द्या आणि इन्क्लूडनंतर पॉप करा. हेडरमधील घोषणांना डीफॉल्ट लागू होते, बाकी सर्व हिडन राहते. क्लँग या कंपायलरलाही हा प्रॅग्मा कळतो.

काळाफत्तर

एआयएक्सबद्दल अजून कोणी सविस्तर लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. तेथील फाइलींचा साचा ईएलएफ नसून एक्सकॉफ आहे आणि रीत मुळातच उलटी आहे: त्या लिंकरला तुम्ही सांगितल्याशिवाय तो काहीही बाहेर देत नाही. 'बीई' या पर्यायापुढे एक्सपोर्ट फाइलचे नाव द्यायचे. फाइलमध्ये एका ओळीवर एक नाव असते आणि अंडरस्कोर वगैरे काही लावायचे नसते. लोक कंटाळून 'बीएक्सपॉल' देतात. त्याने जवळपास सर्व ग्लोबल नावे बाहेर जातात, पण अंडरस्कोरने सुरू होणारी नावे आणि आर्काइव्हमधील कोणी न वापरलेली नावे मात्र वगळली जातात, म्हणून लिनक्सवर चालणारा प्रोग्राम तेथे अडतो आणि कारण लवकर सापडत नाही. तुमची अडचण एआयएक्सवर सहसा दिसणार नाही, कारण 'बीआरटीएल' देऊन रनटाइम लिंकिंग मुद्दाम चालू केल्याशिवाय बाहेरून घेतलेले प्रत्येक नाव ठरावीक मोड्यूलशीच बांधलेले असते.

आणखी एक गोष्ट. तेथे शेअर्ड ऑब्जेक्ट बहुधा डॉट ए आर्काइव्हच्या आत ठेवतात, ३२ बिटांचे आणि ६४ बिटांचे शेजारीशेजारी. एनएमला किंवा डंपला दोन्ही पाहायला सांगितले नाही, तर ६४ बिटांचे ऑब्जेक्ट तुमच्या नजरेतून सुटते. बाहेर जाणारी नावे पाहण्यासाठी मी 'डंप' या आज्ञेने लोडर सेक्शन छापतो. त्यात जे दिसते तेच खरे.

सातमजली

मी यादीने सांगितलेल्या लिंकिंगचा फार जुना वापरकर्ता आहे. मॅपफाइल (अशी यादी असलेली फाइल) ही मूळ सोलारिसची देणगी आहे आणि जीएनयू लिंकरची व्हर्जन स्क्रिप्ट तिच्यावरूनच आलेली आहे. एचपी-यूएक्सवर आम्ही प्रत्येक नावाला 'प्लस ई' हा लिंकरचा पर्याय लावत असू आणि पीए-रिस्क यंत्रांवर लायब्ररीचे शेपूट एसओ नसून एसएल असे. त्या प्रणालीचा नेहमीचा आधार ३१ डिसेंबर २०२५ ला संपला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सल्ला एवढाच की, स्क्रिप्ट लिहिणारच असाल तर सिंबल्सना आवृत्तीचे नावही द्या. जीलिबसीने (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.१४ मध्ये मेमकॉपी या फंक्शनचे नवे रूप आणले, तेव्हा जुने रूप २.२.५ या नावाखाली तसेच ठेवले आणि जुने प्रोग्राम मोडले नाहीत. तुमच्या लायब्ररीलाही हे संरक्षण मिळायला हवे.

पायरी

त्याच मेमकॉपीमुळे नव्या लिनक्सवर बिल्ड केलेला आमचा प्रोग्राम सेंटओएस ६ वर उघडत नव्हता, कारण तेथे जीलिबसी २.१२ होती. जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर चालतात हे खरे, पण उलट दिशेची अडचण त्यातूनच येते.

सातमजली

तो दोष आवृत्त्यांच्या पद्धतीचा नाही. सर्वांत जुन्या यंत्रावर बिल्ड करणे हा त्यावरचा नेहमीचा मार्ग आहे.

काळाफत्तर

मॅकवर आणि एआयएक्सवर सिंबल्सना आवृत्ती देण्याची ही सोय नाही. चारपैकी दोनच ठिकाणी चालणारे संरक्षण एकट्या माणसाने सांभाळावे का, हे मला पटत नाही. नाव न दिलेल्या स्क्रिप्टला पुढे कधी नाव दिले, तरी जुने प्रोग्राम चालत राहतात, त्यामुळे आज घाई नाही.

गवतफूल

मी फ्रीबीएसडी वापरते, त्यामुळे तेथील अनुभव सांगते. तेथे लिंकर एलएलडी आहे. एलएलडी १६ पासून, म्हणजे २०२३ पासून, व्हर्जन स्क्रिप्टमध्ये असे नाव असेल जे लायब्ररीत प्रत्यक्षात नाही, तर लिंकिंग त्रुटी देऊन थांबते. जीएनयू लिंकर तशी नावे मुकाट्याने सोडून देतो. मॅकचा लिंकरही यादीतले नाव सापडले नाही तर थांबतो. मला हा कडकपणा चांगला वाटतो, कारण फंक्शनचे नाव बदलले आणि यादी तशीच राहिली, तर ते त्याच क्षणी कळते. लिनक्सवरही 'नो-अनडिफाइंड-व्हर्जन' देऊन हीच शिस्त लावून घ्यावी. मात्र 'झेड-डेफ्स' (एखादे नाव न सापडल्यास लायब्ररीचे लिंकिंग थांबवणारा पर्याय) सरसकट लावू नका. 'एन्व्हायरॉन' हे चल फ्रीबीएसडीच्या अनेक आवृत्त्यांत प्रोग्रामच्या सुरुवातीच्या ऑब्जेक्टमध्ये असते, त्यामुळे ते वापरणारी निर्दोष लायब्ररीसुद्धा तेथे अडते.

कोकणकडा

व्हिजिबिलिटी हिडन लावल्यावर यातले काहीच करावे लागणार नाही, असे मला अजूनही वाटते.

मृगनक्षत्र

कोकणकडा, परक्या आर्काइव्हचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मी वर लिहिले आहे.

गवतफूल

रानवाट, तुमचा एखादा ग्राहक शेअर्ड लायब्ररीऐवजी स्टॅटिक आर्काइव्ह घेतो का? तसे असेल तर व्हिजिबिलिटी, यादी, स्क्रिप्ट यांपैकी काहीही तेथे कामाला येणार नाही. स्टॅटिक लिंकिंगमध्ये सर्व ऑब्जेक्ट एकाच ठिकाणी येतात आणि 'बफर_ॲपेंड' दोनदा सापडले की एक तर लिंकर त्रुटी देईल किंवा चुकीचे फंक्शन मुकाट्याने उचलले जाईल. आतल्या प्रत्येक ग्लोबल नावाला स्वतःचा उपसर्ग लावणे हाच तेथे सोपा उपाय आहे.

रानवाट (धागाकर्ता)

होय, एक ग्राहक स्टॅटिक आर्काइव्हच घेतो. ही बाब माझ्या मूळ प्रश्नात नव्हती, त्याबद्दल गवतफूल यांचे विशेष आभार.

निर्णय असा केला आहे. सार्वजनिक नावांची एकच साधी फाइल ठेवली आहे, एका ओळीवर एक नाव. मेकफाइलमध्ये ऑकच्या (मजकूर हाताळणारी छोटी भाषा) काही ओळी घातल्या असून त्या या फाइलमधून तीन रूपे तयार करतात. लिनक्स आणि फ्रीबीएसडीसाठी महिरपी कंसात 'ग्लोबल' या शब्दाखाली सर्व नावे आणि शेवटी 'लोकल' खाली फक्त एक तारांकन. मॅकसाठी प्रत्येक नावाआधी एक अंडरस्कोर. एआयएक्ससाठी यादी जशीच्या तशी. आतल्या सर्व ग्लोबल फंक्शनांना, परक्या हॅश टेबलासकट, 'लिपी_आत_' हा उपसर्ग लावला आहे. बिल्ड झाल्यावर मेकफाइल तयार लायब्ररीतली बाहेर दिसणारी नावे काढते, त्यांची मूळ यादीशी तुलना करते आणि एका नावाचाही फरक असेल तर थांबते. सीमेक, लिबटूल, व्हिजिबिलिटीचे प्रॅग्मा आणि सिंबल्सच्या आवृत्त्या यांपैकी काहीही घेतलेले नाही.

जुनाखांब

निर्णय तुमचा आहे, परंतु व्हिजिबिलिटी सोडणे मला चुकीचे वाटते. यादी लिंकरच्या वेळी येते. तोवर कंपायलरने प्रत्येक ग्लोबल फंक्शन बाहेरून बदलले जाऊ शकते असे धरून कोड तयार केलेला असतो आणि इनलाइनची संधी गेलेली असते.

रानवाट (धागाकर्ता)

तो तोटा मी जाणूनबुजून स्वीकारला आहे. या लायब्ररीचा बहुतेक वेळ अक्षरांच्या तक्त्यांतून फिरणाऱ्या एका लूपमध्ये जातो आणि तो लूप व त्याची साहाय्यक फंक्शने एकाच फाइलमध्ये स्टॅटिक आहेत, त्यामुळे तेथे इनलाइन आधीपासूनच होते. प्रॅग्मा घातले असते, तर जुन्या एक्सएल सीसाठी प्रत्येक ठिकाणी अट घालावी लागली असती, आणि काय बाहेर जाते हे तीन प्लॅटफॉर्मवर कोडमध्ये, तर चौथ्यावर यादीत शोधावे लागले असते. आता ते चारही ठिकाणी एकाच फाइलमध्ये दिसते.

काळाफत्तर

तुमची तुलना एआयएक्सवर करताना दोन्ही बिटांच्या ऑब्जेक्टवर स्वतंत्रपणे चालवा. यादी एकच असली तरी 'बीई' दोन लिंक आज्ञांमध्ये द्यावा लागतो आणि त्यातला एक राहून जाणे सहज शक्य आहे.

रानवाट (धागाकर्ता)

६४ बिटांच्या आज्ञेत तो खरोखरच नव्हता. आता घातला आहे.